बर्कली अटलांटिकच्या किनाऱ्यावर कसं पोचलं? कॉलेज फुटबॉलमधली कॉन्फरन्सची फोडाफोडी

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. भाची कॅलिफोर्नियात अकरावीत शिकते, टेनिस उत्तम खेळते, आणि बर्कली व स्टॅनफर्ड या दोन्ही विद्यापीठांच्या प्रशिक्षकांशी तिचं बोलणं सुरू आहे. घरच्यांना तीन गोष्टी कळेनात: पॅसिफिकच्या काठावरची ही विद्यापीठं ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये, म्हणजे एसीसीत, कशी गेली, शंभराहून अधिक वर्षांची त्यांची आधीची कॉन्फरन्स, पॅक-१२, अशी बघता बघता कशी मोडली, आणि भाचीचं शिक्षण पूर्ण व्हायच्या आत पुन्हा असंच काही होणार का?

मी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात बरीच वर्षं वेळापत्रक आणि प्रवासाचं अंदाजपत्रक सांभाळलं आहे. त्यामुळे ही फोडाफोडी मी बातम्यांत जितकी वाचली, त्याहून जास्त विमानांच्या तिकिटांत आणि बुडालेल्या तासांत पाहिली. उत्तर लांब होणार आहे, पण भाचीच्या चार वर्षांचा प्रश्न आहे, तेव्हा सगळं सांगतो.

आधी मूळ गोष्ट. इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडूने खेळायचा अमेरिकी खेळ. कॉलेजचे सामने शनिवारी होतात. मिशिगन, पेन स्टेट, ओहायो स्टेट, टेक्सस ए अँड एम यांच्या स्टेडियममध्ये प्रत्येकी लाखाहून जास्त माणसं बसतात. कॉन्फरन्स ही विद्यापीठांनी आपापसांत केलेली संघटना. ती सामने आखते, पंच नेमते, सगळ्यांचे टीव्ही हक्क एकत्र विकते आणि आलेला पैसा वाटते. एनसीएए ही देशपातळीवरची संस्था नियम करते, पण कोणी कुठल्या कॉन्फरन्समध्ये जायचं हे ती ठरवत नाही. चांगलं खेळलात म्हणून वरच्या गटात चढलात, वाईट खेळलात म्हणून घसरलात, असंही नाही. आमंत्रण आलं तर जागा मिळते. आणि मत देतात ते विद्यापीठांचे अध्यक्ष. प्रशिक्षकाला किंवा खेळाडूला कोणी विचारत नाही.

मुळात या संघटना शेजारधर्मावर उभ्या होत्या. आपल्याकडे रणजी करंडकात २००२-०३ च्या आधी साखळी सामने विभागवार व्हायचे. मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र हे पश्चिम विभागात एकमेकांशी भिडायचे आणि पुढच्या फेरीत बाहेरच्यांना भेटायचे. तोच तर्क इथे होता. डिसेंबर १९१५ मध्ये पोर्टलंडच्या एका हॉटेलात कॅलिफोर्निया (म्हणजे आपण ज्याला बर्कली म्हणतो ते), वॉशिंग्टन, ओरेगन आणि आजचं ओरेगन स्टेट या चौघांनी पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स काढली. तिचीच पुढे पॅक-८, १९७८ मध्ये ॲरिझोनाची दोन विद्यापीठं आल्यावर पॅक-१०, आणि २०११ मध्ये कोलोराडो व युटा आल्यावर पॅक-१२ झाली.

हा शेजारधर्म मोडायला कारण झाला १९८४ चा एक निकाल. तोवर टीव्हीवर कॉलेज फुटबॉलचे किती आणि कोणाचे सामने दाखवायचे हे एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की ही मक्तेदारी बेकायदा आहे. हक्क ज्याचे त्याने विकावेत. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट. ते स्वतः कोलोराडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. पैसा मोकळा सुटला की खेळ शिक्षणापासून दुरावेल, ही चिंता त्यांनी तेव्हाच मांडली होती. मला त्यांचं मत कायद्याच्या अंगाने पटत नाही, पण पुढच्या चाळीस वर्षांचा अंदाज त्यांना बाकीच्यांपेक्षा चांगला आला होता.

हक्क मोकळे झाले तरी सुटा माल विकून भाव येत नाही. एकट्याने चांगला सौदा करणारं विद्यापीठ एकच निघालं, नोत्र दाम. १९९१ पासून त्यांचे घरचे सामने एनबीसीवर दिसू लागले. बाकीच्यांनी गठ्ठ्याने विकायचं ठरवलं आणि गठ्ठा बांधणारी कॉन्फरन्स एकदम मोठी झाली. मग प्रश्न उरला तो इतकाच की गठ्ठ्यात कोण हवं. आग्नेय राज्यांतल्या एसईसी या कॉन्फरन्सने आर्कन्सॉ आणि साउथ कॅरोलायना घेऊन बारा संघ केले आणि १९९२ मध्ये पहिली अंतिम लढत भरवली. बारा संघ असले तर अशी जादा लढत खेळता येते हा नियम पुस्तकात होताच, त्यातून पैसा काढायचं एसईसीला पहिल्यांदा सुचलं. आर्कन्सॉ गेल्यावर टेक्ससच्या साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये एकाच राज्यातले आठ संघ उरले. एका राज्याची कॉन्फरन्स देशभर कोण पाहणार? ती १९९६ मध्ये बंद झाली. टेक्सस, टेक्सस ए अँड एम, टेक्सस टेक आणि बेलर ‘बिग एट’मध्ये मिसळून ‘बिग १२’ झाले. बेलर आणि टेक आत आले यात त्या वेळच्या राज्य सरकारातल्या त्यांच्या माजी विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. लेफ्टनंट गव्हर्नर बॉब बुलक यांनी दोन्हीकडे शिक्षण घेतलं होतं. एसएमयू, टीसीयू, राइस आणि ह्यूस्टन बाहेर राहिले. एसएमयूचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतरचा काळ केबलचा. हा भाग नीट समजून घ्या, कारण अनेक विचित्र जोड्या याच काळातल्या आहेत. २००७ मध्ये बिग टेन या मध्य-पश्चिमेकडच्या कॉन्फरन्सने स्वतःची वाहिनी काढली. ज्या राज्यात आपलं सदस्य विद्यापीठ आहे तिथल्या प्रत्येक केबल जोडणीमागे वाहिनीला चांगला दर मिळायचा. बाहेरच्या राज्यांत अगदी किरकोळ. घरातलं कोणी सामना बघो न बघो, पैसे बिलातून कापले जायचे. म्हणून २०१४ मध्ये बिग टेनने रटगर्स आणि मेरीलँड घेतले. रटगर्सचा संघ फार जोरात होता असं नाही. पण न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या केबल पेट्या होत्या, आणि मेरीलँडबरोबर वॉशिंग्टन शहराच्या. मेरीलँड हा एसीसीचा संस्थापक सदस्य. एसीसीने बाहेर पडण्याचा दंड वाढवून ५ कोटी डॉलरच्या वर नेला होता. शेवटी ३ कोटी १४ लाखांवर तडजोड झाली.

पॅक-१२ ने २०१२ मध्ये आपली वाहिनी काढली, पण बिग टेनने फॉक्सला भागीदार घेतलं होतं तसं कोणाला घेतलं नाही. सगळी मालकी आपलीच ठेवली. ऐकायला छान, पण डायरेक्ट टीव्हीसारख्या मोठ्या वितरकाशी त्यांचा करार कधीच झाला नाही, कारण त्यांच्या बाजूने भांडणारं मोठं नेटवर्क नव्हतं. आमच्या भागातल्या कितीतरी माजी विद्यार्थ्यांना आपल्याच संघाचा सामना घरी दिसायचा नाही. माझ्या मते पॅक-१२ चा ऱ्हास इथून सुरू झाला. २०२३ मध्ये ती फुटली त्या आठवड्याला सगळे दोष देतात, पण पाया त्याआधी दहा वर्षं ढासळत होता.

लोक केबल तोडू लागल्यावर हिशेब बदलला. आता पेट्या मोजून उपयोग नव्हता. शनिवारी चाळीस लाख लोक प्रत्यक्ष टीव्ही लावतील असे सामने हवे होते. म्हणजे मोठी नावं. सीबीएस एसईसीच्या मुख्य सामन्यासाठी वर्षाला साधारण साडेपाच कोटी डॉलर देत असे. त्याच हक्कांसाठी ईएसपीएनने २०२४ पासून वर्षाला सुमारे ३० कोटी मोजायचं डिसेंबर २०२० मध्ये कबूल केलं. सात महिन्यांनी, जुलै २०२१ मध्ये, टेक्सस आणि ओक्लाहोमा बिग १२ सोडून एसईसीत निघाल्याची बातमी फुटली.

यानंतरच्या घटना सगळ्या तारखांसकट सांगतो, कारण पॅक-१२ कशी मोडली ते तारखांवरूनच कळतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये बिग टेन, एसीसी आणि पॅक-१२ यांनी ‘अलायन्स’ जाहीर केली. एकमेकांचे संघ पळवायचे नाहीत, असा त्याचा मथितार्थ होता. लेखी करार मात्र नव्हता. शब्दावर विश्वास, असं आयुक्तांनी, म्हणजे कॉन्फरन्सच्या प्रमुखांनी, सांगितलं. त्याच आठवड्यात पॅक-१२ ने आणखी एक निर्णय घेतला: टेक्सस आणि ओक्लाहोमा गेल्यावर बिग १२ मध्ये उरलेल्या आठांपैकी कोणालाही घ्यायचं नाही. दहा महिन्यांनी, ३० जून २०२२ रोजी, त्याच अलायन्समधल्या बिग टेनने पॅक-१२ चे यूएससी आणि यूसीएलए उचलले. लॉस एंजेलिसची बाजारपेठ एका दिवसात हातची गेली. पाठोपाठ ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा ७०० कोटी डॉलरहून मोठा करार केला.

यूसीएलएवर टीका झाली, पण तिथल्या क्रीडा विभागाची साठलेली तूट दहा कोटी डॉलरवर गेली होती. काही खेळ बंद करायची वेळ आली असती. आतल्या माणसाला ते गणित कळतं. तरीही यूसीएलए आणि बर्कली ही एकाच सार्वजनिक विद्यापीठ व्यवस्थेची दोन अंगं. एकाने दुसऱ्याचं नुकसान केलं म्हणून रीजंट्सच्या, म्हणजे त्या व्यवस्थेचा कारभार पाहणाऱ्या, मंडळाने पुढे यूसीएलएला बर्कलीला वर्षाला एक कोटी डॉलर द्यायला लावले.

आता शर्यत होती पॅक-१२ आणि बिग १२ यांच्यात. दोघांनाही नवा टीव्ही करार हवा होता आणि नेटवर्कच्या तिजोरीत दोघांना पुरेल इतका पैसा नव्हता. बिग १२ चे नवे आयुक्त ब्रेट यॉरमार्क यांचा जुना करार संपायला अजून अवकाश होता. त्यांनी वाट पाहिली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्येच ईएसपीएन आणि फॉक्सशी मुदतवाढ ठरवली: सहा वर्षं, २२८ कोटी डॉलर, प्रत्येक विद्यापीठाला सरासरी ३ कोटी १७ लाख. इकडे पॅक-१२ ला ईएसपीएनने साधारण ३ कोटींचा प्रस्ताव दिल्याचं आणि अध्यक्षांनी ५ कोटी मागितल्याचं तेव्हा प्रसिद्ध झालं. ईएसपीएन निघून गेलं. मग महिनोन् महिने ‘करार होतोय’ एवढंच ऐकू येत होतं. आम्ही पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक करताना टीव्हीच्या रकान्यात काय लिहायचं हे कोणी सांगू शकत नव्हतं, आणि प्रत्येक विभागप्रमुख आपापल्या अंदाजाने आकडा भरत होता.

२७ जुलै २०२३ ला कोलोराडो बिग १२ मध्ये गेलं. १ ऑगस्टला आयुक्त जॉर्ज क्लियाव्हकॉफ यांनी अध्यक्षांपुढे ॲपलचा प्रस्ताव ठेवला: सामने मुख्यतः ॲपलच्या सशुल्क सेवेवर, सुरुवातीला प्रत्येकी सव्वादोन-अडीच कोटींच्या आसपास, आणि वर्गणीदार वाढले तर जास्त. ४ ऑगस्टला सकाळी उरलेल्या नऊ विद्यापीठांची बैठक होती. सह्या व्हायच्या होत्या. त्या सकाळी वॉशिंग्टन आणि ओरेगन मागे फिरले आणि बिग टेनमध्ये गेले, तेही जुन्या सदस्यांच्या साधारण निम्म्या वाट्यावर. संध्याकाळपर्यंत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये. दोन वर्षांपूर्वी ज्या बिग १२ च्या आठांना दार बंद केलं होतं, तिच्याच दारात पॅक-१२ चे चार सदस्य उभे होते. उरले स्टॅनफर्ड, बर्कली, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

सह्या व्हायच्या होत्या त्या कागदाला ‘ग्रँट ऑफ राइट्स’ म्हणतात. या सगळ्या व्यवहारात सर्वांत महत्त्वाचा कागद तोच. दंड भरून बाहेर पडता येतं. दंड ही नुसती रक्कम आहे आणि श्रीमंत कॉन्फरन्स ती दोन वर्षांत भरून देते. ग्रँट ऑफ राइट्समध्ये विद्यापीठ आपल्या घरच्या सामन्यांचे टीव्ही हक्कच कॉन्फरन्सच्या नावे करून देतं, ठरावीक वर्षापर्यंत. तुम्ही उद्या दुसरीकडे गेलात तरी तुमच्या मैदानावरचा सामना दाखवायचा हक्क जुन्या कॉन्फरन्सकडेच राहतो. मग नवी कॉन्फरन्स तुम्हाला कशाला घेईल? पॅक-१२ चा जुना कागद २०२४ च्या उन्हाळ्यात संपत होता आणि नव्यावर सह्या नव्हत्या. म्हणजे प्रत्येकजण मोकळा होता. एसीसीचा कागद मात्र २०३६ पर्यंतचा. म्हणून फ्लोरिडा स्टेटने डिसेंबर २०२३ मध्ये आणि क्लेमसनने मार्च २०२४ मध्ये स्वतःच्याच कॉन्फरन्सला कोर्टात खेचलं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. एसीसीला चार हजार किलोमीटरवरची दोन विद्यापीठं का हवी होती? एसीसी आणि ईएसपीएन यांच्या करारात असं कलम होतं की नवा सदस्य आला तर त्याच्यापोटी ईएसपीएन पूर्ण वाटा देईल. एक वाटा शंभर रुपये धरा. स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी पहिली सात वर्षं तीस टक्क्यांवर यायचं मान्य केलं. दोघांचे सत्तर-सत्तर मागे राहिले. डॅलसच्या एसएमयूने नऊ वर्षं टीव्हीचा पैसाच नको म्हटलं. त्यांचे शंभर पूर्ण राहिले. तिघांमुळे तीनशे आले, साठ वाटले गेले, दोनशे चाळीस जुन्या सदस्यांकडे. हे पैसे पुढे मैदानावरच्या यशानुसार बक्षीस म्हणून वाटायचे ठरले. शिवाय फ्लोरिडा स्टेट किंवा क्लेमसन असलं मोठं नाव उद्या गळालं तरी सदस्यसंख्या पुरेशी राहावी, ही चिंता होतीच. १ सप्टेंबर २०२३ ला मतदान १२ विरुद्ध ३ असं झालं. विरोधात फ्लोरिडा स्टेट, क्लेमसन आणि नॉर्थ कॅरोलायना.

 

एसएमयूला फुकट खेळणं परवडलं, कारण त्यांच्या देणगीदारांनी आठवड्याभरात दहा कोटी डॉलर उभे केले. १९९६ मध्ये बाहेर ठेवलेलं हे विद्यापीठ २०२४ च्या पहिल्याच मोसमात एसीसीच्या अंतिम सामन्यात पोचलं आणि राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या प्लेऑफमध्येही गेलं. त्यांच्यासाठी मला मनापासून आनंद झाला. पण बर्कली आणि स्टॅनफर्डची गोष्ट वेगळी. त्यांनी कमी पैसा घेतला आणि प्रवास मात्र सगळ्यात मोठा पत्करला.

त्या प्रवासाबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे, कारण तुमच्या भाचीचं आयुष्य त्याच्याशी बांधलेलं असेल.

पॅक-१२ चे बाराही सदस्य जोड्यांनी बसलेले होते. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट, ओरेगन आणि ओरेगन स्टेट, बर्कली आणि स्टॅनफर्ड, यूएससी आणि यूसीएलए, ॲरिझोना आणि ॲरिझोना स्टेट, कोलोराडो आणि युटा. आम्ही यांना ‘ट्रॅव्हल पार्टनर’ म्हणत असू. बास्केटबॉलचा संघ बुधवारी सॅन फ्रान्सिस्कोला उतरला की गुरुवारी स्टॅनफर्डशी खेळायचा, शुक्रवारी सराव आणि अभ्यास, शनिवारी तासाभराच्या बसप्रवासानंतर बर्कलीशी, आणि रात्री परत. एका विमानप्रवासात दोन सामने. परतीचं विमान दीड-दोन तासांचं, घड्याळ फार तर एक तास पुढेमागे. सोमवारी सकाळी मुलं वर्गात ताजीतवानी. वेळापत्रक करणाऱ्याच्या दृष्टीने इतकी नेटकी रचना मी दुसऱ्या कुठल्याच मोठ्या कॉन्फरन्समध्ये पाहिली नाही. ती एका उन्हाळ्यात मोडीत निघाली. बर्कली-स्टॅनफर्ड ही जोडी एकत्रच नव्या घरी गेली; यूएससी-यूसीएलए, दोन्ही ॲरिझोना आणि कोलोराडो-युटा याही निदान एका छताखाली राहिल्या. पण त्यांच्या भोवतीचा शेजार गेला. वॉशिंग्टन आणि ओरेगन या दोन राज्यांतल्या जोड्या मात्र सरळ तुटल्या.

बर्कली ते बॉस्टन सरळ रेषेत सुमारे ४,३०० किलोमीटर आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी अंतर तीन हजारही भरत नाही. फुटबॉल संघाला याचा त्रास त्या मानाने कमी. मोसमात साधारण बारा सामने, त्यातले निम्मे बाहेर, सगळे आठवड्याच्या शेवटी, आणि खास भाड्याचं विमान. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर, टेनिस यांचं तसं नाही. त्यांचे सामने जास्त, आठवड्यात दोन-दोन, आणि बरेचदा सर्वसामान्य प्रवासी विमानाने. पूर्वेला तीन तासांचा फरक. तिकडे दुपारी बाराचा सामना म्हणजे शरीराच्या घड्याळात सकाळचे नऊ. परतताना रविवारची जोडणी चुकली की सोमवारचा वर्ग गेला. प्रवासाच्या याद्या करताना एक वाक्य मला पाठ झालं होतं: ‘सर, माझी लॅब गुरुवारी आहे.’ प्रयोगशाळेचा तास व्हिडिओवर करता येत नाही. इंजिनिअरिंग किंवा जीवशास्त्र घेतलेल्या मुली विषय बदलायचा विचार करू लागतात, हे मी जवळून पाहिलं आहे, आणि या साऱ्या व्यवहारातली सर्वांत मोठी हानी मी तीच मानतो.

माझं ठाम मत असं की फुटबॉल वेगळा काढावा. फुटबॉलला टीव्हीच्या पैशासाठी देशभर फिरायचं तर फिरू दे. बाकीचे खेळ जवळच्या विद्यापीठांशी खेळू द्यावेत. यात अशक्य काही नाही. नोत्र दामचा फुटबॉल संघ स्वतंत्र आहे आणि बहुतेक बाकीचे खेळ एसीसीत, हे कित्येक वर्षं सुरळीत चाललं आहे. अडचण आहे ती कॉन्फरन्सच्या वाहिन्यांची: त्यांना फुटबॉल नसलेले आठ महिने भरायला बाकीचे खेळ हवे असतात. तरीही तो पैसा इतका मोठा नाही की त्यासाठी शेकडो विद्यार्थ्यांचे वर्ग बुडावेत.

मागे राहिलेल्या दोघांबद्दलही सांगायला हवं. वॉशिंग्टन स्टेट पुलमन नावाच्या छोट्या गावात आहे, सिॲटलपासून साडेचारशे किलोमीटरवर. ओरेगन स्टेट कॉर्व्हॅलिसमध्ये. हॉटेल, जेवणाच्या जागा, दुकानं यांचा वर्षाचा धंदा सहा-सात शनिवारांवर चालतो. दोघांनी व्हिटमन काउंटीच्या न्यायालयात जाऊन सांगितलं की सोडून जाणारे दहाजण कॉन्फरन्सची मालमत्ता वाटून घेऊ शकत नाहीत, आणि न्यायालयाने कारभार या दोघांच्या हाती दिला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन स्टेटने सिॲटलमध्येच वॉशिंग्टनला २४-१९ असं हरवलं. मग त्यांनी बॉइझी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन दिएगो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट आणि फुटबॉल नसलेलं गोंझागा यांना जमवून २०२६ पासूनची पॅक-१२ नव्याने बांधली. पैसा पूर्वीच्या तुलनेत कमी, पण टेक्सस स्टेट सोडलं तर सगळे पश्चिमेचे. शेजारधर्मावर विश्वास असलेल्या माझ्यासारख्याला हे पाहून बरं वाटतं.

पुढे काय? मोठी हालचाल २०३० च्या आसपास होईल असं मी धरून चालतो. बिग टेनचा करार २०२९-३० ला संपतो, बिग १२ चा त्यानंतर वर्षभराने. मार्च २०२५ मध्ये एसीसीने फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनशी तडजोड केली: टीव्हीच्या पैशातला मोठा भाग प्रेक्षकसंख्येनुसार वाटायचा, आणि बाहेर पडण्याची किंमत दर वर्षी कमी करत २०३०-३१ पर्यंत साडेसात कोटी डॉलरवर आणायची. तोवर बाहेर पडणं महाग आहे, नंतर परवडणारं. त्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ‘हाउस’ खटल्याच्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. म्हणजे खर्चात एक कायमचा मोठा रकाना वाढला आणि मोठ्या वाट्याची भूक आणखी वाढली. प्लेऑफच्या पैशातला निम्म्याहून जास्त वाटा २०२६ पासून बिग टेन आणि एसईसी या दोघांकडेच जाणार आहे. एसीसीतली दोन-चार मोठी नावं तिकडे बघत राहणार, यात मला शंका नाही.

भाची आज अकरावीत आहे, म्हणजे तिची चार वर्षं त्या सुमारास संपत येतील. शेवटचं वर्ष वेगळ्या कॉन्फरन्समध्ये जाईल अशी तयारी मनात ठेवावी. पण त्यासाठी या दोन विद्यापीठांना नाही म्हणू नये. स्टॅनफर्डच्या महिला टेनिस संघाची राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं वीस आहेत. शिक्षण तर दोन्हीकडे अव्वल. कॉन्फरन्स बदलली तरी पदवी त्याच विद्यापीठाची राहते.

प्रशिक्षकांना मात्र स्पष्ट विचारा. वसंतातल्या मोसमात पूर्वेच्या किती फेऱ्या झाल्या, आणि एका फेरीत किती सामने बसवले? थेट विमान की जोडणीचं? गेल्या वर्षी एका खेळाडूचे वर्गाचे किती दिवस बुडाले? हा आकडा क्रीडा विभागाकडे असतोच, तो मागा. प्रवासात परीक्षा आली तर देखरेख कोण करतं? आणि सर्वांत उपयोगी प्रश्न: संघात सध्या विज्ञान किंवा इंजिनिअरिंग घेतलेल्या किती मुली आहेत? भाचीला ज्या विषयात जायचं आहे त्यातली एखादी संघात असेल तर प्रशिक्षकाच्या उत्तरावर थांबू नका. भेटीला जाल तेव्हा तिच्याशी पंधरा मिनिटं वेगळं बोलायला मिळावं अशी विनंती करा, आणि तिच्या मागच्या सत्राचं वेळापत्रक दाखवायला सांगा.